गोल चाक गोलच दिसायला हवं

रविवार, रात्र.

केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट म्हणजे कंटाळा, हा समज काही केल्या जात नाही. पूर्वी थिएटरात मुख्य चित्रपटाआधी ते सक्तीने बघावे लागत, तिथे तो रुजला. आता त्यातले बरेच यूट्यूबवर फुकट आहेत, पण टीव्हीच्या सेटिंगमुळे त्यांची पार रया जाते.

या माहितीपटांची जुनी चौकट साधारण ४:३, आताचा टीव्ही १६:९. चित्र ताणलं की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. चाक, घड्याळ, ताट असं काही पडद्यावर येऊ द्या. लंबगोल दिसलं तर 'पिक्चर साइज'मध्ये ४:३ निवडा. चाक गोल आहे, पण माणसांची कपाळं कापली जातायत, तर ती वरून-खालून छाटलेली प्रत. तिला इलाज नाही, दुसरी शोधा.

मग लावा प्रमोद पतींचा 'आबिद' (१९७२). चित्रकार आबिद सुरती, एक खोली आणि रंग. जेमतेम पाच मिनिटं. जिवंत माणूस बाहुलीसारखा हलवलाय: थोडं सरकायचं, थांबायचं, फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकायचं. त्यातले झटके हीच त्याची लय. नव्या टीव्हीतलं ट्रूमोशन, मोशनफ्लो किंवा तत्सम सेटिंग दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या फ्रेम घुसडतं, आणि हातापायांच्या कडा पाघळतात. पूर्ण बंद करा. 'लो'वर ठेवून भागत नाही.

एस. एन. एस. शास्त्रींच्या 'आय अ‍ॅम ट्वेंटी'साठी (१९६७) एवढी खटपट नको. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली मुलं-मुली बोलतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याचं खोडतं. मोबाइल तेवढा बाजूला ठेवा.

मणि कौलांच्या 'ध्रुपद'वर (१९८२) सगळ्यात जास्त अन्याय होतो. ध्रुपद संगीतावरचा, सव्वा तासाच्या आत संपणारा हा माहितीपट लोक मोबाइलच्या स्पीकरवर लावतात आणि दहा मिनिटांत 'यात काहीच घडत नाही' म्हणून सोडतात. यात वाजवणारे झिया मोहिउद्दीन डागर यांनी रुद्रवीणेचे भोपळे आणि दांडी मोठी करून घेतली होती, ती खर्जाची, म्हणजे खालच्या सुरांची, आस (छेडल्यावर रेंगाळणारा नाद) टिकावी म्हणून. मोबाइलचा इवलासा स्पीकर तो खर्ज देऊच शकत नाही. तार छेडल्याचा टक् ऐकू येतो, मागून लांबणारी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, गायब. म्हणजे आलापातलं जे घडतं, नेमकं तेच कानावर येत नाही. कान झाकणारे हेडफोन लावा, नाहीतर मोठे स्पीकर. आवाज आपोआप समान करणारं 'नाइट मोड' बंद ठेवा. ते विरत जाणारा स्वर उचलून धरतं आणि त्याच्याबरोबर जुन्या ध्वनिपट्टीची खरखरही.

ऑटोप्लेसुद्धा आधीच बंद करा. 'ध्रुपद'च्या शेवटी कॅमेरा मुंबईच्या छपरांवरून सावकाश फिरत राहतो, गाणं चालू असतं, आणि तो स्वर विरायच्या आत पुढचा व्हिडिओ सुरू व्हायला नको.