वाळुंजाचं पाणी

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत घरं पठारांवर आहेत आणि पठारांच्या मधल्या फटींत जंगली घळी. या घळींत फिरायला येणाऱ्यांना सहसा माहीत नसतं, की शहराचा बराचसा मैला याच घळींतून जातो. पंप लावून उपसत बसण्यापेक्षा तळाशी लाइन टाकून उतारावर सोडून दिलेलं स्वस्त. त्या लाइनींची पाहणी करणं हे माझं काम. एका मॅनहोलपासून दुसऱ्यापर्यंत चालायचं, काठ खचलाय का, पाइप उघडा पडलाय का ते टिपायचं, आणि पॉयझन ओकला, म्हणजे अंगाला खाज आणणाऱ्या झुडपाला, हात लावायचा नाही.

ही गोष्ट जुलैतली. टेकोलोटे कॅन्यनसारख्या मोठ्या नाही, एका बिननावाच्या उपघळीतली. इथे वर्षाला जेमतेम 10 इंच पाऊस, तोही हिवाळ्यात. जुलैत दोन्ही उतार वाळून कोळ झालेले असतात. आणि वळणापलीकडे अचानक हिरवंगार! विलोची, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीची, दाट झाडी आणि पायाखाली चिखल. माझ्या डोक्यात एकच शब्द: गळती. आमची लाइन तिथून चार-पाच मीटरवर होती. जुन्या भाजक्या मातीच्या पाइपांचे सांधे मुळं फोडतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की खात्रीच झाली.

विणीचा हंगाम असल्यामुळे बरोबर जीवशास्त्रज्ञ सहकारी होती. मी चिखल बघत होते, ती कान देऊन उभी. झाडीतून एक पक्षी ओरडत होता. आधी प्रश्न विचारल्यासारखा सूर, मग लगेच उत्तर दिल्यासारखा. ‘लीस्ट बेल्स व्हिरिओ,’ ती पुटपुटली. 1986 पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत असलेला पक्षी, आणि त्याला नेमकी अशीच ओली झाडी लागते.

वरिष्ठांना फोनवरच खोदाईची तारीख हवी होती. वरिष्ठांना नेहमीच तारीख हवी असते. मी आधी पाणी तपासलं. मैलापाण्यात अमोनिया सापडायलाच हवा, जवळपास नव्हताच. फ्लोराइड मात्र नळाच्या पाण्याइतकं; इथे ते नळाच्या पाण्यात मिसळतात. वरच्या मॅनहोलमध्ये हिरवा रंग सोडून दोन दिवस वाट पाहिली, ओहोळात रंगाचा मागमूस नाही. मग आठवडाभर रोज सकाळी सहाला जाऊन ओहोळ मोजला. (बादली आणि घड्याळ. लाखाच्या यंत्रापेक्षा याच्यावर माझा विश्वास जास्त.) सोमवार, बुधवार, शुक्रवार धार जाड, इतर दिवशी करंगळीएवढी. तिथेच उलगडा झाला. माणसं रोज आंघोळ करतात. हिरवळीला मात्र पाण्याचे वार लावून दिलेले असतात.

वरच्या सोसायटीत हिरवळीचा एक व्हॉल्व्ह फुटलेला होता. किती वर्षं, कुणालाच सांगता येईना. बिल सोसायटीच्या खात्यातून जायचं, म्हणजे कुणाच्याच खिशातून नाही.

मी अहवाल दिला. आमची लाइन निर्दोष होती याचा, खरं सांगायचं तर, मला आनंदच झाला. सप्टेंबरात त्यांनी व्हॉल्व्ह बदलला.

पुढच्या जुलैत त्याच वाटेने गेले. चिखलाचे पापुद्रे सुटलेले, निम्मी वाळुंजं शेंड्याकडून वाळलेली. पक्षी ऐकू आला नाही. एका वर्षावरून काही ठरत नाही, असं सहकारी म्हणाली. पण तीही बराच वेळ कान देऊन उभी होती.

माझं माहेर कालव्याच्या खालच्या अंगाला. तिथे कालव्याला अस्तर घालायचं निघालं की विहिरीवाले आडवे पडतात, कारण विहिरी पाझरावरच भरतात. साहेब लोक गळती म्हणतात त्याला गावात पाणी म्हणतात. लहानपणी मला विहिरीवाल्यांचं पटायचं. मग मी इंजिनिअर झाले.

सहकारी म्हणते, ती झाडी मुळात तिथली नव्हतीच. कोरडी घळ हेच तिचं खरं रूप, आणि हिरवळींच्या पाण्याने इथले कितीतरी कोरडे ओढे बारमाही करून ठेवलेत. तिचं बरोबर आहे. पण पक्ष्याला हे कोण सांगणार?

त्या दुसऱ्या पाहणीच्या फॉर्मवर ‘जागेची स्थिती’ असा रकाना होता. पर्याय दोनच: सुधारली, बिघडली. मी ‘सुधारली’वर खूण केली, कारण फॉर्म पाइपाचा होता.