डीसी पंखा हाती लागला तर आधी प्लग लावू नका

मराठवाड्यातल्या भंगाराची वाट बहुधा जालन्याच्या भट्ट्यांकडे जाते. तांबं आणि पितळ त्याआधीच कुठेतरी सोलून निघतं. ओतीव लोखंडाचं बूड, पितळी पाती आणि आत तांब्याची तार असलेला जुना डीसी पंखा म्हणूनच या वाटेवर फार दिवस टिकत नाही. जे थोडे वाचतात, त्यांचा घात घरात होतो. ‘चालतो का बघू’ म्हणून कोणीतरी त्याच्या पिना घरच्या २३० व्होल्ट एसीच्या सॉकेटात घालतं, निळ्या ठिणग्या उडतात, जळक्या वार्निशचा वास येतो, आणि इतकी वर्षं शाबूत राहिलेलं आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, मिनिटभरात संपतं.

आपल्याकडे असे डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारे पंखे जुने वाडे, स्वतःचा डायनामो असलेल्या गिरण्या-जिनिंग आणि रेल्वे यांच्या सामानात निघतात. रेल्वेच्या डब्यातला पंखा २४ किंवा नंतरच्या काळातला ११० व्होल्ट डीसीचा, घरातला किंवा कचेरीतला बहुधा ११० किंवा २२० चा. व्होल्टेजचा अंदाज आकारावरून बांधू नका.

आधी नेमप्लेट पाहा. ती रंगाखाली गेली असेल तर खरवडू नका. थिनरच्या बोळ्याने हळूहळू उघडी करा. ‘सायकल्स’, ‘फेज’ किंवा नागमोडी चिन्ह दिसलं तर पंखा एसीचा. ‘डी.सी.’ किंवा ‘डायरेक्ट करंट’ असेल तर प्रश्नच मिटला. दोन्ही लिहिलं असेल तर तो युनिव्हर्सल, म्हणजे दोन्हींवर चालणाऱ्या मोटरचा. प्लेटच नसेल तर मोटरच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, स्क्रू ड्रायव्हरने उघडणारी एबोनाइटची किंवा बेकेलाइटची टोपणं शोधा. कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे, त्यांच्याच आत असतात. काही पंख्यांत ती मागच्या झाकणाखाली लपलेली असतात.

न उघडता करायची एक चांगली परीक्षा आहे. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन पिनांना लावा आणि पाती हाताने अगदी सावकाश फिरवा. कार्बनखालून कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या कड्याच्या, पट्ट्या सरकतात तसा आकडा नाचतो. साध्या, बिनकार्बनच्या एसी (इंडक्शन) पंख्यात तो स्थिर राहतो. काहीच आकडा आला नाही तर बहुतेक वेळा कार्बन अडकलेले किंवा संपलेले असतात. वायंडिंग गेलं असं लगेच धरू नका.

पण कार्बन दिसले म्हणजे पंखा निव्वळ डीसीचा, असंही नाही. उघडल्यावर फील्डचे, म्हणजे न फिरणाऱ्या विद्युतचुंबकाचे, पोल बघा. ते अखंड ओतीव लोखंडाचे असतील तर एसी त्यांना वर्ज्य: लोखंडात भोवरा-प्रवाह तयार होऊन पोलच तापतात. पातळ पत्र्यांचे थर असतील तर युनिव्हर्सल असण्याची शक्यता राहते. आर्मेचर मात्र दोन्हीकडे पत्र्यांचंच असतं, त्यावरून काही ठरत नाही. शंट जोडणीच्या, म्हणजे फील्ड आणि आर्मेचर समांतर जोडलेल्या मोटरला एसी दिला तर फील्डच्या इंडक्टन्समुळे (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधामुळे) चुंबकत्व पुरेसं तयार होत नाही, मोटर फिरत नाही, आणि सगळा करंट आर्मेचरमधून जातो. ते आधी जळतं ते यामुळेच.

उघडण्यापूर्वी झाकण, बॉडी आणि कार्बन-होल्डरच्या रिंगवर रेघ मारून ठेवा. रिंग थोडी जरी सरकली तर कार्बन न्यूट्रल, म्हणजे ठिणगी कमीत कमी पडते त्या जागेवरून हलतात आणि कितीही सफाई केली तरी ठिणग्या थांबत नाहीत. कोणता कार्बन कोणत्या बाजूचा आणि कसा बसला होता, तेही लिहून ठेवा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा.

कम्युटेटरवर चॉकलेटी, गुळगुळीत थर असेल तर तो मळ नव्हे. तो कमावलेला थर आहे, कार्बनची झीज तोच कमी करतो. कापड स्पिरिटमध्ये किंचित भिजवून पुसा आणि सोडून द्या. काळे डाग, खड्डे असतील तरच ४०० आणि मग ६०० नंबरचा बारीक ग्लासपेपर, आर्मेचर फिरवत. एमरी पेपर नको. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि पट्ट्यांमधल्या फटीत बसतात. पट्ट्यांमधला अभ्रक त्यांच्या वर आलेला असेल तर घासून चपटा केलेल्या हॅक्सॉ ब्लेडने अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली घ्या. काही लहान मोटरींत तो मुळातच पट्ट्यांच्या बरोबरीला ठेवलेला असतो, तिथे कोरू नका. शेवटी फटींतली पूड दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा.

लगतच्या पट्ट्यांच्या प्रत्येक जोडीचा रेझिस्टन्स मोजा. सगळ्या जोड्या जवळपास सारख्या हव्यात. एकच जोडी वेगळी आणि तिथली पट्टी जळालेली असेल तर तिथला टाका सुटलेला असतो, तो पुन्हा मारता येतो. शॉर्ट असल्याचा संशय आला तर वायंडिंगवाल्याकडे ग्राउलरवर (आर्मेचरमधला शॉर्ट दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासून घ्या. ‘नवीनच भरून देतो’ या उत्तराला लगेच हो म्हणू नका. जुनी वायंडिंग साधारण शाबूत असेल तर वार्निशचा एक हात आणि वाळवण पुरतं.

कार्बन ६ मिलिमीटरहून आखूड असेल तर बदला. मिक्सर किंवा ड्रिलचे कार्बन घासून आकारात आणता येतात. होल्डरमध्ये ते सैल सरकले पाहिजेत, पण डगमगता कामा नयेत. नव्या कार्बनला वळण देण्यासाठी कम्युटेटरभोवती ग्लासपेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळा आणि फक्त फिरण्याच्या दिशेने ओढा. मागेपुढे केलं की कडा गोल होतात. दोन्ही स्प्रिंगचा दाब सारखा ठेवा.

बुशमध्ये, म्हणजे दांडा फिरतो त्या बेअरिंगमध्ये, कोणीतरी हमखास गोडेतेल किंवा खोबरेल ओतलेलं असतं. त्याचा चिकट गोळा झालेला असतो. रॉकेल किंवा डिझेलने बुश आणि फेल्ट (तेल धरणारा नमदा) धुवा, वाळू द्या, मग एसएई २० किंवा आयएसओ ६८ चं तेल फेल्ट ओलं होईल इतकंच घाला. जास्तीचं तेल कम्युटेटरवर जातं, कार्बनच्या पुडीत मिसळतं आणि पट्ट्या आपसांत जोडतं.

रबर-कापडाची जुनी वायर हात लावताच तुकडे होऊन पडते. ती पूर्ण काढा, आत स्लीव्ह घाला आणि बाहेर तीन तारांची कॉर्ड घेऊन बॉडी अर्थ करा. जुन्या रेग्युलेटरमध्ये राखाडी, तंतूंचा पुठ्ठा दिसला तर तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. कोरडा खरवडू नका. मग ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन मोजा. १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर पावसाळ्याचा ओलावा धरलेला असतो: खोक्यात ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून रात्रभर वाळवा आणि पुन्हा मोजा.

आता वीज. २२० व्होल्टच्या पंख्याला घरच्या २३० वर ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) लावला की सरासरी २०७ व्होल्ट डीसी मिळतो, तेवढा पुरे. गुळगुळीत डीसीच्या हौसेने कपॅसिटर लावू नका, व्होल्टेज ३२५ कडे जातं. वन-एन-५४०८ चे चार डायोड लहान पंख्याला चालतात. ११० च्या पंख्याला आधी २३०/११५ चा दोन वेगळ्या वायंडिंगचा ट्रान्सफॉर्मर, मग ब्रिज. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा एकाच वायंडिंगचा ट्रान्सफॉर्मर) मेनपासून वेगळं करत नाही, हे विसरू नका. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बटण रेक्टिफायरच्या आधी, एसीच्या बाजूला लावा. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, साधं बटण वितळतं. आणि सिरीज मोटर (फील्ड आणि आर्मेचर एकामागे एक जोडलेली) पाती काढून कधीच चालवू नका. भार नसला की तिचा वेग सुटतो.

पंखा उलटा फिरला तर पिना फिरवून उपयोग नाही, फील्डच्या किंवा आर्मेचरच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात. एखादं पातं बाकीच्यांपेक्षा २–३ मिलिमीटर पुढेमागे असेल तर बूड टेबलावर सरकत जातं. जाळीसमोर एक खूण धरून प्रत्येक टोक तिच्याशी ताडून पाहा. रिव्हेटजवळ बारीक चीर असेल तर ते पातं पुन्हा लावू नका. पितळेला चिंच किंवा पितांबरी चालते, पण लगेच धुवून कोरडं करा. अमोनियाचं पॉलिश पितळ ठिसूळ करतं. मूळ काळा रंग शाबूत असेल तर साबणपाणी आणि मेण एवढंच.

रेल्वेचा पंखा घेताना लिलावाची पावती मागा. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता बेकायदेशीर ताबा कायद्यानुसार, माल कुठून आला हे ताबेदारालाच दाखवावं लागतं. २४ व्होल्टचा पंखा दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून उत्तम चालतो, फ्यूज मात्र बॅटरीजवळच हवा. सोलर पॅनेल थेट जोडू नका: ७२ सेलचं पॅनेल उन्हात भार नसताना ४४ व्होल्टच्या आसपास देतं. मध्ये चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी ठेवा.