तुम्ही विचारलंत म्हणून : येऊ का शिकवायला?

हा प्रश्न मला वर्षाकाठी चार-पाचदा तरी येतो. बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर, रात्री साडेदहा-अकराला, कारण तिकडे परदेशात तेव्हा दुपार नाहीतर संध्याकाळ असते. विचारणारे कधी माझेच जुने विद्यार्थी असतात, कधी त्यांच्या ओळखीतले तिकडचे शिक्षक. "गुरुजी, महिनाभर सुट्टी आहे. तुमच्याकडच्या गरीब शाळांतल्या शिक्षकांना ट्रेनिंग द्यायचंय. पैसे नकोत. येऊ का?" मी बीड जिल्ह्यात बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा म्हणून. त्यामुळे 'गुरुजींना विचारा' असं कुणीतरी कुणाला तरी सांगतं. दर वेळी अंगठ्याने लांबलचक टाइप करत बसतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

या, असंच मी म्हणतो. फक्त 'ट्रेनिंग' हा शब्द तिकडेच ठेवून या.

आमच्या शिक्षकाला प्रशिक्षणाचं नवल राहिलेलं नाही. सर्व शिक्षा अभियान आल्यापासून त्याने इतकी प्रशिक्षणं घेतलीत की मोजायची तर हजेरीपटच काढावे लागतील. २०१५ साली राज्याचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, तेव्हा ज्ञानरचनावादाची, म्हणजे लेकरू स्वतः करून शिकतं या विचाराची, लाट होती. आम्ही वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने चौकटी, गोल, अंक, बाराखडी असं सगळं रंगवलं. काही शाळांत त्याचा खरंच उपयोग झाला, काही शाळांत लेकरं त्याच्यावर सतरंजी टाकून पूर्वीसारखीच बसली. २०१९ला केंद्र सरकारचं 'निष्ठा' प्रशिक्षण आलं. शिवाय अंबाजोगाईच्या डाएटची, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेची प्रशिक्षणं, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातली, आणि दर महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद. सही, चहा, पोहे, गटचर्चा, ग्रुप फोटो, पुन्हा सही. वाईट असतात असं नाही म्हणत मी. मीच किती घेतलीत.

पण त्याची किंमत शाळा मोजते, हे बाहेरच्याला दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं साठ लेकरांपर्यंत दोन शिक्षक. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या बहुतेक शाळा याच, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. एकाला पाच दिवस तालुक्याला बोलावलं की दुसऱ्याकडे चारही वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आणि मध्येच कुणी पाहुणे. ते पाच दिवस त्या शाळेत शिकवणं होत नाही, सांभाळणं होतं.

हे मला कळायला हवं होतं आणि कळलं नाही, त्याची गोष्ट सांगतो.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी एका संस्थेमार्फत इंग्लंडहून एक बाई आल्या होत्या. साठी उलटलेल्या, तिकडे जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. गोऱ्या बाई येणार म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. केंद्रातल्या सगळ्या शाळांमधून एकेक शिक्षक बोलावला. हॉल, बॅनर, रांगोळी, स्वागतगीत. शाल-श्रीफळ, फेटा. फेटा बांधताना बाई हलल्या म्हणून पुन्हा बांधला. प्रत्येक मान्यवराचं मनोगत. बाईंना बोलायला मिळालं तेव्हा पावणेबारा झाले होते, आणि बाहेर भात शिजल्याचा वास यायला लागला होता.

बाई इंग्रजीतून बोलणार आणि एक तरुण शिक्षक मराठीत सांगणार, असं ठरलेलं. बाई पाच-सात मिनिटं हातवारे करून, अगदी जीव तोडून काहीतरी सांगत होत्या. त्या थांबल्या. आमच्या दुभाष्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "मॅडमचं म्हणणं आहे, लेकरांना मारू नका." हॉलमध्ये हशा. बाईही हसल्या, त्यांना वाटलं त्यांचाच विनोद पोचला. (मारायचं नाही हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये २००९पासून लिहिलेलंच आहे. त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.)

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये निम्मेच शिक्षक आले. मी चिडलो. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, न आलेले कुठं आहेत? म्हटलं, शाळेत असतील. "मग आपणच तिकडे जाऊ की."

मी त्यांना धारूरच्या बाजूच्या एका तांड्यालगतच्या शाळेवर नेलं. दोन शिक्षक, दोन खोल्या, समोर लिंबाचं झाड. तिसरी-चौथीला एक मॅडम होत्या, बारा वर्षं नोकरी झालेल्या, तालुक्यात ज्यांचं नाव चांगलं म्हणून घेतलं जायचं अशा. बाई मागे सतरंजीवर बसल्या. मराठीचं अक्षर येत नाही. हातात वही, मनगटावर घड्याळ.

मॅडम परिसर अभ्यास घेत होत्या. "विहिरीला पाणी कुठून येतं? पावसाचं. पावसाचं पाणी कुठं मुरतं? जमिनीत. होय ना?" "होऽऽऽ" वर्ग एका सुरात. पुढचा प्रश्न. पस्तीस मिनिटं असंच. मला तर तास छान वाटला. आवाज खणखणीत, लेकरं शांत, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं.

तास संपल्यावर बाईंनी वही उघडली. पानभर उभ्या रेघा होत्या, आणि मध्येच कुठेतरी टिंब. दुभाष्याने सांगितलं, रेघ म्हणजे मॅडमनी प्रश्न विचारला, टिंब म्हणजे एखादं लेकरू एकटं बोललं. टिंबं चार होती. रेघा मोजायची कुणाला गरज वाटली नाही.

मॅडमचा चेहरा उतरला, मग तापला. "कामून? थांबत बसले तर पोर्शन कोण संपवील? आणि दोन वर्ग आहेत माझ्याकडं, एक नाही."

बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, मीही वीस वर्षं असंच केलं, मग मला कुणीतरी घड्याळ लावून दाखवलं. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७०च्या सुमारास वर्गावर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून ऐकली होती. त्यांना आढळलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतो, मग स्वतःच बोलतो नाहीतर दुसऱ्याला उठवतो. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. एवढंच. त्याला प्रोजेक्टर लागत नाही. बाईंनी मॅडमना सांगितलं, प्रश्न विचारून मनातल्या मनात पाच आकडे मोजा.

पहिल्या दिवशी फजिती झाली. मॅडम प्रश्न विचारून गप्प उभ्या राहिल्या तर लेकरांना वाटलं मॅडम रागावल्या. दोघं-तिघं आपोआप हात बांधून बसली. दुसऱ्या दिवशी त्या मोकळ्या वेळात मागच्या पोरांनी दंगा केला. मॅडमनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच विहिरीचा प्रश्न आला. "विहिरीला पाणी कुठून येतं?" मॅडम थांबल्या. मीही मोजत होतो. चौथ्या आकड्याला तांड्यावरची एक पोर उठली. घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी, वर्षभरात जिचा आवाज फारसा ऐकला नव्हता अशी. मराठी जुळवत जुळवत म्हणाली, "मॅडम, टँकरनं सोडतेत."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. कारण खरंच होतं ते. आठवड्यातून दोनदा टँकर येऊन गावच्या विहिरीत पाणी सोडायचा, आणि त्या पोरीने जन्मल्यापासून विहीर भरताना पाहिली ती अशीच. मग एक पोरगा म्हणाला, "मंग टँकरात कुठून येतं?" आणि पुढचा अर्धा तास मॅडमना फळ्याकडे वळायची सवडच मिळाली नाही. पुस्तकातला 'पावसाचं' हा शब्द शेवटी आला, पण लेकरांनीच आणला. तो धडा त्या दिवशी संपला नाही, हेही सांगून ठेवतो.

तर परक्या माणसाचा उपयोग हा असा. बाईंना मराठी येत नव्हतं म्हणूनच त्यांना मॅडमच्या छान आवाजाची भुरळ पडली नाही, लेकरांच्या गप्प बसण्याची नोंद झाली. मी केंद्रप्रमुख म्हणून नऊ वर्षांत शेकडो तास पाहिले, शेऱ्यात 'अध्यापन प्रभावी' लिहिलं आणि सही केली.

बाहेरून आलेला मास्तर मराठवाड्याला काही नवा नाही. १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. माझे वडील मिडलला उर्दूतून शिकले, मास्तर हैदराबादेकडचे. वडील शेवटपर्यंत गुणाकाराला जरब आणि भागाकाराला तकसीम म्हणायचे. ते सांगायचे, आमच्या मास्तरच्या शेरवानीच्या खिशात चिठोऱ्या असायच्या. पोरं आपसात जे मराठी शब्द बोलायची ते तो विचारून उर्दू लिपीत लिहून घ्यायचा. मोट, पाभर, हुरडा. वडिलांना त्याने शिकवलेलं गणित पुढे उपयोगी पडलं असेलच, पण आठवण काढायचे ती त्या चिठोऱ्यांची.

आता कामाचं बोलू, तेही पटापट.

कधी यायचं? तुमच्यापैकी बरेचजण नाताळची सुट्टी बघून डिसेंबर म्हणतात, हवा चांगली असते म्हणून. आमच्या बीडकडे दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो, म्हणजे माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, कारखाने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. काही लेकरं संगं जातात, काही आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. डिसेंबरात आलात तर पटावरची निम्मी नावं तुम्हाला नुसती वाचायला मिळतील. मे महिन्यात शाळा बंद आणि ऊन असं की आम्हीच घराबाहेर पडत नाही. तुमची जुलै-ऑगस्टची सुट्टी आमच्याशी बरोबर जुळते. जूनच्या मध्यात शाळा उघडते, जुलैत वर्ग भरलेले असतात. चिखल असतो, पण तो असला तर आम्ही आनंदात असतो.

कागदपत्रं? टुरिस्ट व्हिसावर, मोबदला न घेता, एक महिन्यापर्यंतचं स्वयंसेवेचं काम चालतं. त्याहून जास्त राहायचं तर संस्थेच्या नावाने रीतसर वेगळा व्हिसा काढावा लागतो. यायच्या आधी दूतावासाचं पान स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका. शाळेत पाऊल टाकण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी, आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारलेलं बरं. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालकच असतात. लेकरांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. तुमच्या तिकडच्या शाळेत मी मोबाइल घेऊन शिरलो तर पोलीस येतील, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पैसे पाठवू का? भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले चालतात. पासपोर्ट बदलला असेल, तर माणूस लातूरचा असो की लंडनचा, ते विदेशी योगदान ठरतं आणि ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते. काही कंपन्या तुमच्याकडूनच भरपूर पैसे घेऊन तुम्हाला 'सेवेला' पाठवतात. त्यातले किती शाळेपर्यंत येतात, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

टॅब, लॅपटॉप? आणू नका असं मी म्हणत नाही. पण वस्तू आली की तिची डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत नोंद होते, आणि हरवली-फुटली तर वसुली आपल्या पगारातून होईल या धाकाने ती कपाटात जाते. एका शाळेत मी टॅब पाहिले, चार वर्षांनी, वरचं प्लास्टिक तसंच.

तीन-चार आठवडे यायला जमत नसेल तर येऊच नका, तिकडूनच करा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली लेकरं जपानी शिकली ती ऑनलाइन. रोबोट बनवायचे तर जपानी यायला हवी, असं त्यांनीच ठरवलं होतं. शिकवणारा माणूस फुकट शिकवत होता, पण तास नेमाने होत होते. आमच्या शिक्षकांनाही इंग्रजी वाचून दाखवायची भीती वाटते, दर शनिवारी अर्धा तास त्यांच्याशी नुसतं इंग्रजीत बोलणारं कुणी मिळालं तर ते मला हॉलमधल्या पाच दिवसांपेक्षा जास्त पटतं. ते कंटाळवाणं आहे, फोटोही निघत नाही, म्हणून कुणी तयार होत नाही.

आता ज्या बाईने परवा हा प्रश्न विचारला तिच्याबद्दल. माझीच विद्यार्थिनी, मँचेस्टरला शाळेत शिकवते, तिच्यासोबत तिकडची एक मैत्रीण येणार म्हणते. जुलैअखेरीपासून तीन आठवडे. मी त्या तांड्यालगतच्या शाळेतल्या मॅडमना फोन लावला. त्या आता मुख्याध्यापक आहेत, वर्ग आहेच. म्हटलं, दोघी येतायत, काय शिकवायला सांगू तुम्हाला?

मॅडम जरा वेळ गप्प. पाच आकड्यांपेक्षा जास्तच झाले असतील.

"सर, त्यांना म्हणावं चौथी दोन तास सांभाळा रोज. गाणी घ्या, गोष्टी सांगा, इंग्रजी बोला, काही करा. मला तिसरीतल्या तीन लेकरांपाशी बसायचंय. वाचता येईना त्यांना, आन् मला बसायला टाइमच घावत नाही."

तेच तिला कळवलंय. तिकीट काढते म्हणाली.