कालामिता नोंदवही: टायर, गिअर आणि खाणीची लाल धूळ

इटलीच्या एल्बा बेटावर कापोलिवेरी नावाचं डोंगरी गाव आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १६५ मीटरवर, आणि त्याच्या दक्षिणेला मोंते कालामिता, उंची ४१३ मीटर. सिंहगडाचा घाट पायाखालचा असलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटतो. पण यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची २०२१ ची माउंटन बाइक मॅरेथॉन जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २ ऑक्टोबरला इथेच झाली. पुरुषांत जर्मनीचा आंद्रेआस सीवाल्ड जिंकला, महिलांत ऑस्ट्रियाची मोना मिटरवालनर. ती तेव्हा अवघी १९ वर्षांची होती.

एवढ्याशा डोंगरावर मॅरेथॉन होते, कारण इथल्या वाटा माथा गाठायला निघतच नाहीत. डोंगराच्या तिन्ही अंगांना समुद्र. वाट घळीत उतरते, पाण्याजवळ जाते, आणि लगेच दीडदोनशे मीटर वर येते. असं दिवसभर चालतं. घाटात एकदा लय लागली की वरपर्यंत तीच धरून जाता येतं, इथे ती लागायच्या आत चढ संपतो. त्यामुळे एल्बाच्या या टप्प्यातला सायकलचा सगळा सेटअप डोंगराच्या उंचीकडे न बघता तुटक चढ आणि धारदार दगड धरून ठरवला आहे.

गिअर

पुढची चकती ३० दात्यांची, मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांची जुडी) १०-५१, म्हणजे १० ते ५१ दात्यांची. ३२ दात्यांची चकती सपाटीवर बरी वाटते, पण इथे ३० घ्याच. हिशोब असा: २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३२ मीटर. ३०-५१ वर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल १.३६ मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांवर वेग ताशी ४.९ किलोमीटर. रायडर आणि सायकल मिळून ९० किलो वजन आणि १८ टक्के चढ धरला, तर त्या वेगाला सुमारे २३० वॅट लागतात. ३२ ची चकती लावली तर त्याच फेऱ्यांना आणखी १५ वॅट. एका चढाला १५ वॅट कुणीही देईल. पण समुद्रापासून वर यायची चौथी-पाचवी वेळ असते तेव्हा फेरे ५० च्या खाली येतात, जोर झटक्याने पडतो, आणि सैल खडीवर मागचं चाक जागच्या जागी गरगरतं. तिथे उतरून सायकल ढकलावी लागते. पाय दमले असं वाटतं, पण खरं कारण गिअर असतो.

चढावर बसण्याची जागाही बदलावी लागते. सीटच्या पुढच्या टोकावर सरकायचं, कोपर खाली, छाती हँडलकडे. उभं राहून मारलं तर मागच्या चाकावरचं वजन जातं आणि पकड सुटते.

टायर

सगळ्यात जास्त बदल इथे झाले. कालामिताचा बराच भाग शिस्ट खडकाचा आहे. हा खडक पापुद्र्यांनी फुटतो आणि त्याच्या पट्ट्या वाटेत उभ्या राहतात. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट टायर ठेचतो, रिम वाकवतो. शिस्ट टायरची साईडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, चिरतो. म्हणून मध्यभागी जाड पण बाजूला पातळ असा हलका क्रॉस-कंट्री टायर इथे टिकत नाही. मागे मजबूत केसिंगचा (रबराखालच्या कापडी थराचा) २.४ इंची टायर हवा, पुढे त्याच मापाचा जरा खोल गुटक्यांचा. वजन चाकामागे दीडदोनशे ग्रॅम वाढतं, ते सोसायचं.

सामानासह ७५ किलोच्या रायडरला हवेचा दाब पुढे १.५ बार (२२ पीएसआय) आणि मागे १.७ बार (२५ पीएसआय). याहून कमी ठेवलं तर पकड वाढते, पण दगडाच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि दोन ठिकाणी चिरतो. मागे २ बारच्या वर गेलात तर खडीवर चाक उड्या मारतं. वजनात दर ५ किलोंच्या फरकाला साधारण १ पीएसआय वर-खाली करा. दाब गेजनेच मोजा, अंगठ्याने दाबून नाही. सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं छिद्रं बुजवणारं द्रव) प्रत्येक टायरला १०० ते १२० मिलीलीटर. उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून निघण्याआधी व्हॉल्व्ह काढून काडी घाला आणि ती ओली येते का बघा.

कापलेल्या टायरचं काय करायचं हे वाटेवर शिकण्यापेक्षा घरी जुन्या टायरवर करून बघावं. चीर मध्यभागी आणि ३ ते ४ मिलीमीटरची असेल तर हवा पूर्ण जाऊ देऊ नका. छिद्र खाली धरून फिरवा म्हणजे सीलंट तिथे येईल. तरी थांबलं नाही तर प्लग (छिद्र बुजवायची चिकट पट्टी) घाला: पट्टी सुईच्या मध्यावर, सरळ दाबून आत, बाहेर साधारण ६ मिलीमीटर शेपूट ठेवून सुई झटक्यात काढा. सुई पिळून काढली तर पट्टीही बाहेर येते. चीर साईडवॉलवर असेल तर प्लगवर विसंबू नका. तो भाग प्रत्येक धक्क्याला वाकतो आणि पट्टी सुटते. तिथे टायर एका बाजूने उघडा, हात फिरवून काटे काढा (इथल्या झुडपांचे काटे आतून अडकलेले असतात), जुन्या टायरचा ४ बाय ६ सेंटीमीटरचा तुकडा आतून लावा, ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढा आणि ट्यूब घाला. हवा नेहमीपेक्षा ३ पीएसआय जास्त. एक ट्यूब, एक तुकडा, पाच प्लग आणि हातपंप, एवढं प्रत्येकाकडे हवंच, गटात एकाकडे असून भागत नाही.

ब्रेक आणि उतार

रोटर (ब्रेकची चकती) पुढे २०३, मागे १८० मिलीमीटर. नवा रोटर साधारण १.८ मिलीमीटर जाड असतो. तो १.५५ च्या आसपास आला की जायच्या आधीच बदला. उतारांवर कडक जमिनीवर सुटा मुरूम पसरलेला असतो, त्यावर वळणात ब्रेक दाबला की पुढचं चाक गोट्यांवर ठेवल्यासारखं निसटतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ चाकावर. वळणात बोटं लीव्हरवर असू देत, पण दाब सोडलेला. नजर वळणाच्या शेवटाकडे, बाहेरचा पाय खाली.

सस्पेन्शनला सॅग (रायडर बसल्यावर ते जितकं दबतं ते) २५ ते २८ टक्के. रिबाउंड (दबून परत उघडायचा वेग) घरच्या सेटिंगपेक्षा दोन क्लिक जलद. दगडी पट्ट्या एकामागून एक येतात, तेव्हा फोर्क पुरता उघडायच्या आत पुढचा धक्का बसतो, त्याची दबायची जागा संपत जाते आणि हात बधिर होतात. बरेच जण यावर हवा वाढवतात. आमच्या मते आधी रिबाउंड बघावा, हवेला नंतर हात लावावा.

लाल आणि काळी धूळ

कालामिताच्या लोखंडाच्या खाणी १९८१ मध्ये बंद झाल्या. समुद्राकडच्या उतारावर त्यांच्या पायऱ्या आणि जुने रस्ते अजून आहेत, आणि वाट त्यांच्या जवळून जाते. रस्ता सोडून खाणीच्या काठाकडे जाऊ नका, कडा ढासळत्या आहेत. लाल धूळ हेमॅटाइटची, काळी मॅग्नेटाइटची. दोन्ही कठीण खनिजं आहेत आणि तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करतात. तेलकट ल्यूब लावलेली चेन फेऱ्याच्या शेवटी करकर वाजते. चेनला मेण लावा, किंवा अगदी थोडं कोरडं ल्यूब लावून बाहेरून कडक पुसा. परत आल्यावर आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं. उलट केलंत तर धुळीचा चिखल होऊन बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतो. प्रेशर वॉशर तर नकोच. बारा स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर महागडी कॅसेटही खराब होते.

मॅग्नेटाइटचं वेगळंच आहे: तो चुंबकाला चिकटतो. हेल्मेटचं चुंबकी बक्कल, ई-बाइकच्या वेग-सेन्सरचा चुंबक, फोनचा चुंबकी माउंट, सगळ्यांवर काळे कण बसतात. बक्कल नीट बंद होत नाही आणि वरवर बघून ते कळत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर ओढून पाहा. कण काढायला चिकटपट्टी लावून उचला. फडक्याने ते फक्त इकडून तिकडे होतात. खनिजाजवळ होकायंत्राची सुईही भरकटते. फोनच्या नकाशावर आपला ठिपका जीपीएसमुळे बरोबर असतो, पण बाण चुकीकडे तोंड करू शकतो. फाट्यावर बाणावर न जाता वीस-तीस मीटर पुढे जाऊन ठिपका कुठे सरकतो ते बघा.

पाणी, वेळ, जाणं

माणशी ३ लीटर. फेऱ्यात मध्ये पाणी मिळेलच असं धरू नका. झुडपं कमरेएवढी आहेत, सावली तुटक. एप्रिल ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टला जायचंच असेल तर पहाटे निघा आणि दहाच्या आत परत या. घळीत फोनची रेंज जाते, म्हणून मार्ग आधी उतरवून ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ११२.

पियोम्बिनोहून पोर्तोफेर्राइओला फेरीबोट साधारण तासाभरात पोचते, सायकल घेते. भारतातून सायकल नेण्यापेक्षा तिथे भाड्याने घेणं सोपं. आपले पॅडल, सीट आणि प्लगचा डबा न्या. भाड्याच्या सायकलचा टायर कोणत्या केसिंगचा आहे आणि सीलंट कधी भरलं, हे पैसे देण्याआधी विचारा.

पुढचा टप्पा

पश्चिमेकडचा भाग अजून बाकी आहे: मार्चियाना आणि पोज्जो ही गावं, वर ६३० मीटरचा मोंते पेरोने. तिथे खडक ग्रॅनाइटचा. दाणेदार असल्यामुळे कोरड्यात पकड फार चांगली, पण मऊ रबराचे गुटके झपाट्याने झिजतात. म्हणून मागे कठीण रबर, पुढे मऊ, आणि दाब दोन्हीकडे १ पीएसआय कमी, इथून सुरुवात करायची आहे. बेटाचा मोठा भाग १९९६ च्या तोस्कानी द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यानात येतो आणि काही वाटा फक्त चालणाऱ्यांसाठी आहेत, तेव्हा मार्ग आखताना फाट्यावरच्या पाट्या आधी तपासायच्या आणि ट्रॅक नंतर बनवायचा.