तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टला दोन दिवस कसले लागतात?

"आकडे तर सिस्टीममध्ये असतातच. मग रिपोर्टला दोन दिवस कसले?" प्रोजेक्ट रिपोर्टिंग करायला लागल्यापासून दर शुक्रवारी हे कुणी ना कुणी विचारतंच. कधी हसत, कधी घड्याळाकडे बघत. आज एकदाचं सांगून टाकतो.

सिस्टीममध्ये असतो तो कच्चा माल. कुणी किती तास भरले, कुठल्या कामापुढे किती टक्के टाकले. योजनेशेजारी ठेवल्याशिवाय त्यातून काही कळत नाही. ते ठेवायला मशीनला सेकंदही लागत नाही, कबूल. पूर्वी मीही हेच म्हणायचो. डॅशबोर्ड मीच बांधला होता, आणि तोरा काय विचारता!

तेव्हा एक सॉफ्टवेअरचं काम होतं, एकूण १००० मॅनडेजचं, म्हणजे एका माणसाच्या १००० दिवसांइतकं. त्या शुक्रवारपर्यंत ९०० मॅनडेजचं काम व्हायला हवं होतं. खर्चही ९०० झाला होता आणि अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाचं योजनेच्या हिशोबातलं मोल, निघत होती ८१०. म्हणजे एसपीआय (झालेलं काम भागिले ठरलेलं काम) ०.९०, सीपीआयही (झालेलं काम भागिले खर्च) ०.९०. मी पिवळा रंग दिला आणि लिहिलं, ‘किंचित मागे, आटोक्यात’. १००० ला ०.९० ने भागून काम १,१११ वर संपेल असा अंदाजही दिला. सूत्रात सगळं चोख बसत होतं.

मीटिंगला ग्राहकाकडच्या एक बाई होत्या, फारशा न बोलणाऱ्या. त्यांनी मागच्या महिन्याच्या रिपोर्टची प्रिंट पर्समधून काढली आणि नव्या प्रिंटशेजारी ठेवली. "ही कामं तेव्हाही नव्वद टक्केच होती ना?"

होती. ३०० मॅनडेजची कामं पाच आठवडे नव्वदवर बसून होती. ८१० मधले २७० तिथूनच आले होते. खरोखर हातावेगळं झालेलं काम होतं ५४० चं. तेवढंच धरलं तर एसपीआय आणि सीपीआय दोन्ही ०.६०, आणि अंदाज १,६६७. बाईंनी हे गणित तिथेच, प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलने केलं. मी नुसता बघत होतो.

पण आजही सलतं ते गणित नाही. टेस्टिंगच्या मुलीने शेऱ्याच्या रकान्यात दर आठवड्याला एकच ओळ लिहिली होती: ‘टेस्ट सर्व्हर मिळालेला नाही.’ पाचव्या आठवड्यात पुढे होतं, ‘हे कुणी वाचतं का?’ स्लाइडवर मावत नाही म्हणून तो रकाना मी लपवला होता. राइट क्लिक, हाइड. झालं.

बचाव आहे माझ्याकडे. टक्के मी भरले नव्हते. सर्व्हर अडवणारे वेगळेच होते. आणि असं मोठमोठ्यांकडेही होतं: अमेरिकेच्या नौदलाचं ए-१२ विमान १९९१ च्या जानेवारीत रद्द झालं, तिथेही अर्न्ड व्हॅल्यूचे आकडे होतेच, पण वरिष्ठांपर्यंत जाताना गोड अंदाजच पुढे गेला. बरं, पण रकाना तर मीच लपवला ना?

मग मी पेटून नियम लावला: काम पुरं होऊन बंद झालं तर १००, नाहीतर शून्य. आता खरं तेच दिसेल अशी माझी खात्री होती. टीमने आठ दिवसांच्या कामाचे दहा तुकडे करून सोपे सोपे पटापट बंद केले, आणि एकच अवघड काम घेऊन बसलेला माणूस महिनाभर शून्यावर. एसपीआयची तर आणखी गंमत. काम कितीही उशिरा संपो, संपलं की तो १ होतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात मी त्याच्याकडे बघत नाही. हल्ली दोन्ही हिशोब देतो, टक्क्यांचा आणि शून्य-शंभरचा. वरचे म्हणतात, "एकच आकडा सांगा." त्यांचंही चूक नाही, दोन आकड्यांवर निर्णय कसा घेणार?

तर दोन दिवस जातात फोनवर. परवा एकाला विचारलं, "नव्वद म्हणजे राहिलंय काय?" तो थोडा थांबला. "तसं सगळं झालंय. फक्त चालवून बघितलेलं नाही."

त्या ओळीवर माझा तास गेला. शेवटी ९० तसेच ठेवले, आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं शेऱ्यात घातलं. स्लाइडचा फॉन्ट त्यासाठी बारीक करावा लागला.