पट तर धरला गेलाय

दिवाळी झाली की आपल्याकडची घरं गुजरातेत बारडोलीकडं ऊसतोडीला निघतात, साक्रीच्या या पट्ट्यात हे काही नवीन नाही. आज चौथीतल्या एकीचा बाप शाळेच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली. "पोरले लई जास मॅडम, कोनाजोडे ठेवू तिले? आखाजीलेच येसूत." म्हणजे थेट अक्षय्य तृतीयेला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर शाळेचा पट, मुलांची संख्या, ३० सप्टेंबरलाच धरला गेलाय, शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेला फरक पडत नाही. पोर बापाच्या मागं उभी, आणि मला हे सुचलं.

तेव्हापासून तेच डोक्यात. पोटात जरा तरी कालवायला नको होतं का?

सकाळपासून काय काय झालेलं. स्वयंपाकीण ताईंचं मानधन अडकलंय, त्या चुलीपाशी गप्प, त्यांना समजवा. मग नवीन सर, बायको नोकरीला पार दुसऱ्या टोकाला, बदलीच्या यादीत नाव नाही म्हणून रडायलाच लागले, त्यांना पाणी द्या धीर द्या, तेवढ्यात मेसेज की आधार व्हॅलिड नसलेल्या मुलांची यादी आत्ताच्या आत्ता पाठवा. पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असला तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद मिळतं, आमचा कुठला, म्हणून प्रभारी मीच, माझा वर्ग सांभाळून. सगळे माझ्यापाशी येऊन मोकळे होतात आणि मी कोणाकडं... जाऊ दे.

स्थलांतर करणाऱ्या पोरांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते शिक्षण हमी कार्ड तिला भरून दिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखला नाही म्हणून तिला कुठली शाळा अडवू शकत नाही, खरंय, पण तिथली शाळा गुजराती. अहिराणीतून मराठीत यायलाच तिची पहिली-दुसरी गेली, आत्ता कुठं धडा सलग वाचायला लागली होती, न अडखळता, मान वर करून. जाताना म्हणे, "मॅडम, मनी वही तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या, तठे हरपी जाई." मी हो म्हणाले आणि लगेच पोषण आहाराच्या तांदळाचं रजिस्टर ओढलं. एका पोराचे १०० ग्रॅम, एक पोर कमी.

मी अशी कधी झाले?

नोकरीच्या सुरुवातीला अशा प्रत्येक पोरापायी रडायचे, घरी जेवायचे नाही, दुसऱ्या दिवशी वर्गावर चिडचिड. त्या रडण्यानं एकही पोर उसाच्या फडावरून परत आलं नाही. आणि पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, मग राहिलेल्या पोरांचे दोन-दोन वर्ग एकत्र बसवायचे, म्हणजे पटाचा विचारही शेवटी पोरांचाच ना? मनाची समजूत घालत असेन. पण आता रात्री शांतपणे बघितलं तर पटतंय मला. ऑफिसात सगळ्यांसमोर कोलमडून चालत नाही, वाटायचं ते उशिरा वाटतं, घरी आल्यावर. वाटतंय तर खरं.

उद्या मुकादमाचा नंबर मिळवते. फडाजवळ शाळा कुठली, बापाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आहे का, असेल तर रोज थोडं वाचून रेकॉर्ड करून पाठव म्हणून सांगेन तिला. वरच्या गल्लीत अजून काही घरांनी उचल घेतलीय म्हणतात, तिथं आज्या आहेत घरी, आईबाप तोडीला गेले तरी पोरांची गावातच सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहात नावं घातली तर ती पोरं तरी इथंच राहतील. परिपाठाच्या आधीच जाऊन यायला हवं, आईबाप शेतात जायच्या आत.