एवढी लेणी आपल्याकडे, मग आदिमानवाची हाडं कुठे गेली?

मी सोलापुरात भूगोल शिकवते. शाळेत असो, वाचनालयात असो, नाहीतर गणपतीतल्या व्याख्यानात, आदिमानवावर बोलले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "बाई, आफ्रिकेतल्या गुहांमधून एवढे सांगाडे निघतात. आपल्याकडे तर अजिंठा आहे, वेरूळ आहे. मग आपल्याकडे काहीच कसं नाही? माणूस तेव्हा इथे राहतच नव्हता का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

राहत होता. हाडं मिळत नाहीत याचं मुख्य कारण आपल्या पायाखालच्या दगडात आहे.

अजिंठा-वेरूळ माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलंय. त्यातलं जुन्यात जुनं कामही फार तर बावीसशे वर्षांपूर्वीचं. आदिमानव सापडतो त्या गुहा बहुतेक पाण्याने केलेल्या असतात, चुनखडकात किंवा त्याच्याच भाऊबंद डोलोमाईटमध्ये. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, फटींत शिरतं आणि खडक विरघळवत नेतं. लाखो वर्षांत आत दालनं होतात. आपला काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, असा विरघळत नाही. मुलांना मी हे करून दाखवते. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर आणि फुटक्या वरवंट्यावर संडास धुवायच्या ॲसिडचा एकेक थेंब टाकायचा. फरशीवर लगेच फेस येतो, फसफस ऐकू येते आणि वाळल्यावर पांढरट डाग राहतो. वरवंटा ढिम्म. (हे मोठ्यांनीच करावं, हातमोजे घालून.)

आता दक्षिण आफ्रिका. जोहान्सबर्गच्या वायव्येला स्टर्कफोंटेन आणि स्वार्टक्रान्स या गुहा एकमेकींच्या अगदी जवळ आहेत. वरून पाहिलं तर साधं माळरान. पण जिथे गुहेचं तोंड जमिनीशी उघडतं, तिथे ओल असते, म्हणून झाडं वाढतात. बिबट्या शिकार झाडावर नेऊन खातो आणि उरलेली हाडं खाली गुहेत पडतात. वरून माती येते, छतातून चुना मिसळलेलं पाणी ठिबकतं आणि माती, खडे, हाडं मिळून एकच घट्ट दगड होतो. हाडं टिकतात ती या चुन्यामुळे.

स्वार्टक्रान्सला एका लहान वयाच्या माणससदृश जीवाच्या कवटीचा तुकडा मिळाला, त्याला मागच्या बाजूला दोन भोकं आहेत. त्याच काळातल्या बिबट्याच्या जबड्याचं जीवाश्मही तिथे होतं. सी. के. ब्रेन या शास्त्रज्ञाने दोन्ही एकमेकांना लावून पाहिले, तर खालचे दोन सुळे त्या दोन भोकांत बसले. त्याआधी रेमंड डार्ट हे शास्त्रज्ञ सांगत होते की आपले पूर्वज क्रूर शिकारी होते आणि गुहांमधला हाडांचा ढीग त्यांचाच. ब्रेन यांनी दाखवलं की यातले बरेचसे पूर्वज स्वतःच कुणाच्या तरी तोंडी गेले होते. करमाळ्याकडे उसात बिबट्या दिसल्याची बातमी आली की मला ती कवटी आठवते.

म्हणजे त्या गुहा त्यांचं घर नव्हत्याच. तिथे हाडं साठत गेली, एवढंच. आपल्या मनात 'गुहेत राहणारा आदिमानव' इतका पक्का बसलाय की हे पटायला वेळ लागतो.

शिवाय त्या गुहा उघड्या पडल्या त्या चुन्याच्या धंद्यामुळे. चुन्यासाठी सुरुंग लावले गेले, त्यात किती हाडं गेली याचा हिशेब नाही. पण जे उरलं त्यातून स्टर्कफोंटेनला 'लिटल फूट' मिळाला, म्हणजे एका माणससदृश जीवाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा. १९९४ साली रॉन क्लार्क या शास्त्रज्ञांना जनावरांची हाडं म्हणून ठेवलेल्या पेटीत पावलाची चार छोटी हाडं दिसली. पुढे नडगीचा एक मोडका तुकडाही मिळाला. १९९७ मध्ये त्यांनी त्या तुकड्याची प्रतिकृती स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे या सहकाऱ्यांच्या हातात दिली आणि गुहेच्या भिंतीत याचा उरलेला भाग शोधा म्हणून सांगितलं. प्रचंड अंधारी गुहा, हातातल्या दिव्याचा उजेड, आणि दोन दिवसांत त्यांनी जोड शोधून काढला! मग तो सांगाडा दगडातून सोडवायला जवळजवळ वीस वर्षं लागली. त्या दोघांची नावं मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिते.

आपल्याकडे हाडं अशी अडकवून ठेवणाऱ्या गुहा नाहीत. आपल्याकडे आहेत नद्या. मांजरेच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळात हत्तीची, रानबैलांची हाडं मिळालीत, म्हणजे आपल्या मातीत हाड टिकतच नाही असंही नाही. पण नदी हाडं फोडते, लोळवते, लांब नेऊन विखुरते. त्यात जनावरांचे कळप मोठे आणि माणसं मोजकी. भारतात १९८२ साली नर्मदेकाठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला, तोही नदीच्या गोट्यांच्या थरात.

हाडं नसली तरी हत्यारं आहेत, आणि ती आपल्या अगदी जवळ आहेत. सोलापूरहून वाडीच्या गाडीत बसा. गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) मागे पडलं की काळा दगड संपतो आणि शहाबादच्या फरशीच्या खाणी दिसायला लागतात. हा सगळा चुनखडक. त्याच्या दक्षिणेला यादगीर जिल्ह्यात इसामपूर आहे. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा आदिमानवाचा हत्यारं घडवायचा अड्डाच सापडला. चुनखडकाच्या लाद्या उचकटायच्या, दगडाने कडा उडवायच्या आणि हातकुऱ्हाडी करायच्या. तिथल्या जनावरांच्या दातांवरून काढलेलं वय निघालं सुमारे बारा लाख वर्षं. आपल्या घरातल्या फरशीच्याच जातीचा दगड!

दुसरीकडे जुन्नर तालुक्यातलं बोरी. तिथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर दगडी हत्यारं मिळाली. राखेच्या वयावरून तज्ज्ञांत वाद आहे, हत्यारांबद्दल नाही. कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीत येते. आपण तेच पाणी पितो. त्या काठाने ती माणसं वावरली आणि आपण विचारतो, इथे कुणी होतं का? मला याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न ठरलेला: मग आम्ही काय करायचं? भीमा-सीनेच्या काठी जुन्या, घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात हाताएवढा, दोन्ही बाजूंनी कपच्या उडवून टोकदार केलेला दगड दिसला तर उचलू नका. तो कुठल्या थरात आहे यावरच सगळं अवलंबून असतं. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, गावाचं नाव आणि गट नंबर लिहून घ्या, आणि आपल्या सोलापूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला दाखवा.